वाहता दाब

मी आग पाहत नाही.
बावीस वर्षं झाली नोकरीला, कुणाला खरं वाटत नाही.
बंबाच्या कुशीला, पंपासमोर मी उभा,
आगीकडे पाठ,
दोन काट्यांवर नजर:
एक सांगतो, पाणी येतंय किती,
दुसरा, जातंय किती जोरात.
आग मला पाठीवर कळते
आणि काट्याच्या थरथरीत.

धकाते साहेब मैदानात शिकवायचे,
खडू नाही, फळा नाही, हातात ओली नळी.
"दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक बार, उईके.
पाणी रुंदी नाही पाहत."
मी विचारलं, अन् एवढा अंबाझरी तलाव?
हसले. "खोल किती ते सांग.
पसारा नको सांगू मले."

नळी अर्ध्या जाडीची घेतली
तर तोटा दुप्पट नाही, बत्तीस पट.
हे मी पाठ केलं होतं, समजलं नव्हतं.
आणि एक, जे ते दर पावसाळ्यात, दर उन्हाळ्यात म्हणायचे:
"बंद नळावरचा काटा खोटं बोलते बाप्पा.
उघड. वाहू दे.
मंग पाह्य, काय उरते."

मे महिना, लकडगंज, रात्रीचे पावणेतीन.
आरामशीन पेटलेली, आत सागाचे ओंडके,
भुसा हवेत जळत उडतोय (हे मला नंतर सांगितलं).
हायड्रंट लावला. काटा साडेतीनवर, ताठ.
मी खूश.
बारा नळ्या जोडून भोजराज शेंडे आत गेला,
ब्रँच उघडली,
आणि साडेतीनचे झाले अर्धा,
अर्ध्याचे शून्य,
शून्याखाली काटा पालीच्या शेपटीसारखा.
माझ्या पायाशी येणारी नळी चपटी झाली.
"पाणी वाढव!" शेंडे ओरडला.
"पाणी वाढव!" गल्लीतला प्रत्येक माणूस ओरडला.
मी रेस वाढवली, तर पंप
खडे चावल्यासारखा कडकडला फक्त.
जे आत येत नाही ते मी बाहेर कुठून फेकू?
हे ओरडून सांगता येत नाही.

मग निखारे आला, सायकलवर,
दांड्याला बांधलेली माणसाएवढी चावी.
पाणीपुरवठ्यातला जुना वॉल्व्हमन,
डांबराखाली काय पुरलंय ते
नकाशापेक्षा त्याच्या गुडघ्यांना माहीत.
चार वाजता वस्त्यांचं पाणी सुटायचं होतं,
दोन ठिकाणी आधीच सुटलं होतं.
झाकण उचललं, चावी घातली,
आटे मोजत राहिला तोंडातल्या तोंडात,
अठरा, एकोणीस, वीस,
झटक्यात नाही. झटक्यात बंद केलं
तर पाणी उलटं फिरून पाईप फोडतं.
"बगडगंज बंद."
पुढच्या चौकात, पुन्हा गुडघ्यांवर.
"गरोबा मैदान बंद."

काटा शून्यावर आला.
मग वर.
एक. दीड.
नळी पायाशी भरली,
गाभण गाईच्या पोटासारखी घट्ट,
आणि आतून शेंडेचा आवाज आला,
शब्द नव्हता, नुसता दम:
धार लागली की ब्रँच माणसाला मागे ढकलते,
दोघं तिला खांद्यानं रेटून उभे राहतात.
मी दाब थोडा कमी केला. त्यांच्यासाठी.
कुणाला कळलं नाही.

सकाळी आठला घरी.
घर गरोबा मैदानात.
दारात ड्रम, दोन हंडे, एक कळशी, सगळं रिकामं,
रांगेत, माझ्याकडे तोंड करून.
शकुन म्हणाली, "साडेतीनपासून जागी हाओ.
नळ आलाच नाही. साऱ्या गल्लीत नाही.
वरच्या मजल्यावाल्यानं मोटर लावली असन,
त्याले आज मी सोडत नाही."
मी तोटी फिरवली.
तिनं थोडी हवा सोडली, सुस्कारा दिला, गप्प.

तो माणूस निर्दोष आहे, हे मी सांगायला हवं होतं.
मी सदरा काढला.
तिनं वास घेतला. "साग?"
"हाव."
पुढे काही विचारलं नाही तिनं.
रांजणातून तळाचं पाणी तांब्यात घेतलं,
अंगणात माझ्या हातांवर ओतलं,
वीतभर उंचीवरून,
मोजून.
वरच्या मजल्यावर कुणीतरी रिकामी बादली आपटली.